एक फूट पाणी म्हणजे किती पावलं नदी? : व्हर्निटा बारचं प्रकरण

जुलै लागला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच आकडा फिरायला लागतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, अमुक फूट, अमुक इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा रात्री दोन वाजता उठून तोच आकडा बघणाऱ्यांत मीही होतो. नदीचं सगळं रामायण बंधाऱ्यावरच्या त्या मोजपट्टीच्या फुटांत मावतं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पुरापुरती ती चालून जाते. पण तोच फूट माशाच्या अंड्याच्या बाजूने वाचायचा म्हटलं, की पट्टी अपुरी पडते. पाणी एक फूट उतरलं म्हणजे नदीचा किती तळ उघडा पडला, हे ती सांगत नाही. ते पात्राचा आकार सांगतो.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या वर्गाला दरवर्षी एक प्रकरण सविस्तर सोडवायला देतो, आणि गेली काही वर्षं ते प्रकरण मुद्दाम परक्या मुलखातलं असतं. आपल्या नदीबद्दल बोलायला लागलं की वर्गात दहा मिनिटांत ऊस, कारखाने आणि राजकारण येतं, पाणी बाजूलाच राहतं. या वेळचं प्रकरण होतं अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या व्हर्निटा बारचं. मासा सॅल्मन. आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे काही ठिकाणी रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून ताटात वाढतात, त्याचा या माशाशी नात्याचाही संबंध नाही.

जागा अशी आहे. कोलंबिया कॅनडात उगम पावते, वॉशिंग्टन राज्यातून वळसे घेत पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या मुख्य पात्रावर धरणांची माळ आहे. खालच्या धरणाचा फुगवटा संपतो न संपतो तोच वरच्या धरणाचा पाया. उन्हाळ्यात भोगावती-पंचगंगेवर एका बंधाऱ्याचं पाणी वरच्या बंधाऱ्याला जाऊन टेकतं, तसंच, फक्त कितीतरी पटींनी मोठं. या माळेत एक मणी गळालेला आहे. प्रिस्ट रॅपिड्स धरणाच्या खाली सुमारे ८० किलोमीटर नदी मोकळी वाहते. त्या टापूला हॅनफर्ड रीच म्हणतात. ती मोकळी राहिली त्यालाही कारण आहे. १९४३ मध्ये अमेरिकेने अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करण्याचा कारखाना या काठावर उभारला आणि आसपासचा सगळा मुलूख कुलूपबंद केला. पुढे या टापूतही बेन फ्रँकलिन नावाचं धरण घालायचा विचार झाला होता, तो मागे पडला. बॉम्बच्या पहाऱ्यात माशाचं बाळंतघर शाबूत राहिलं, हा योगायोग मला वर्गात सांगायला आवडतो. अर्थात त्या कारखान्याचा किरणोत्सारी कचरा अजून तिथेच आहे, तेही सांगतो.

प्रिस्ट रॅपिड्सपासून साधारण सहा किलोमीटर खाली नदीच्या कडेला गोट्यांची एक लांब-रुंद, सपाट पट्टी आहे. तीच व्हर्निटा बार. तिथले गोटे आजच्या नदीने आणलेले नाहीत. हिमयुगाच्या अखेरीस वरच्या अंगाला बर्फाचे बांध फुटून जे अचाट पूर आले, त्यांनी ते आणून टाकले. आपला २०१९ चा पूर त्यापुढे वळवाची सर वाटावा, असे ते पूर होते. मुद्दा एवढाच की ही पट्टी वारसा म्हणून मिळालेली आहे. ती मोडली तर आजची नदी नवी घडवून देणार नाही.

शरद ऋतूत या पट्टीवर चिनूक जातीचा सॅल्मन अंडी घालायला येतो. समुद्रात काही वर्षं काढून, धरणांच्या मत्स्यशिड्या चढून, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. मादी एका कुशीवर आडवी होते आणि शेपटीचे तडाखे देत गोटे उचकटते. ती शेपूट गोट्यांवर आपटतेच असं नाही. शेपटीच्या फटक्याने पाणी वर ओढलं जातं आणि त्यासोबत गोटा सुटतो, मग प्रवाह त्याला चार हात खाली नेऊन टाकतो. खड्डा झाला की त्यात अंडी, लगेच नराचं वीर्य, आणि मग ती थोडी वर सरकून पुढचा खड्डा खणते. त्यातून निघालेले गोटे आधीच्या अंड्यांवर पांघरूण घालतात. वाटाण्याएवढी केशरी अंडी, एका मादीची चार-पाच हजार, गोट्यांखाली वीतभर किंवा त्याहून खोल. या घरट्याला तिकडे ‘रेड’ म्हणतात. मोठी मादी मोठे गोटे हलवते. साधारण स्वतःच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीचे गोटे असलेला तळ तिला खणता येतो. मीटरभर मादीला दहा सेंटिमीटरचा गोटा, म्हणजे आपल्या चटणी वाटायच्या वरवंट्याची जाडी. घरटं पुरं झालं की ती काही दिवस राखण करते आणि मरते.

इथे पोरं पहिला प्रश्न विचारतात. अंडी गोट्यांत पुरली तर त्यांना श्वास कुठून मिळतो?

याचं उत्तर फळ्यावर काढून पटत नाही, म्हणून आम्ही काचेची टाकी मांडली. भोगावतीच्या काठचे गोटे धुऊन तळाशी पसरले, मधोमध गोट्यांचाच एक उंचवटा केला, आणि लहान पंप लावून पाणी एका दिशेने फिरतं केलं. मग इंजेक्शनच्या सिरिंजमधून पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी तळालगत, उंचवट्याच्या अलीकडे सोडलं. बहुतेक जांभळं उंचवट्यावरून निघून गेलं, पोरांनी अंदाज केला होता तसंच. पण एक बारीक धागा चढाच्या बाजूने गोट्यांच्या फटीत शिरला. काचेला नाक लावून आम्ही बघत होतो. तो आतल्या आत सरकत, अगदी सावकाश, उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर पुन्हा बाहेर आला. वाहतं पाणी चढाला धडकतं तिथे दाब वाढतो, उंचवट्याच्या पाठीमागे कमी होतो, आणि या फरकाने पाणी गोट्यांतून ढकललं जातं. नदीत डोह संपून तळ वर यायला लागतो आणि खळाळ सुरू होतो, त्या उंबरठ्यावर नेमकं हेच घडत असतं. सॅल्मनची मादी बऱ्याचदा तोच उंबरठा निवडते. शिवाय तिचं घरटं म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला खड्डा आणि खालच्या अंगाला गोट्यांचा ढीग, हाही एक छोटा उंचवटाच. ती स्वतःच्या अंड्यांसाठी स्वतःच पंप बसवून जाते.

मग एका मुलीने टाकीत मूठभर चाळलेली गाळमाती सोडली. मी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने पुन्हा जांभळं सोडलं, तर धागा आत शिरलाच नाही, वरच्या वर पुसून गेला. गोटे तेच, पंप तोच, पाणी तेवढंच. नुसत्या फटी बुजल्या होत्या. गाळावर मी एक अख्खा तास घेणार होतो, तो वाचला.

आता खरी गोष्ट. प्रिस्ट रॅपिड्स हे विजेचं धरण. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरतं उभं राहिलं. विजेची मागणी दिवसा चढते, रात्री उतरते, रविवारी आणखी उतरते. जनित्रातून सोडायचं पाणीही त्याच ठेक्यावर चढतं-उतरतं. धरणापासून दूर खाली गेलं की ही चढ-उतार पात्रात पसरून बोथट होते. पण व्हर्निटा बार धरणाच्या उंबऱ्यातच आहे, त्यामुळे तिला प्रत्येक झटका पुरा बसतो. त्यात चिनूक घरटी खणतो मुख्यतः दिवसाउजेडी. दिवसा पाणी भरलेलं, म्हणून मादी पट्टीवर वरच्या बाजूला, काठाकडे घरटं करते. रात्री मागणी उतरली की पाणी खाली जातं आणि ते घरटं कोरड्यात. म्हणजे धरणाचं वेळापत्रक आणि माशाचं वेळापत्रक नेमकं चुकीच्या जागी जुळत होतं.

अंडं काही तास उघडं पडलं म्हणून लगेच मरत नाही, हे वर्गाला सांगायलाच लागतं, नाहीतर सगळे हळहळून मोकळे होतात. गोट्यांखाली ओल असेल, थंडी किंवा ऊन फार नसेल, तर अंड्याच्या कवचातून दमट हवेतला ऑक्सिजनही आत जातो. फुटण्याआधीचं अंडं असा बराच वेळ तग धरू शकतं. पण अंडं फुटून पोटाला बलकाची पिशवी असलेलं पिलू बाहेर आलं की त्याला कल्ले असतात, आणि कल्ल्यांना वाहतं पाणीच लागतं. हे पिलू गोट्यांतच काही आठवडे दडून असतं. त्या काळात पाणी उतरलं तर काही तासांत खेळ संपतो. म्हणजे धोका सगळ्या हिवाळ्यात सारखा नसतो, उत्तरार्धात तो एकदम वाढतो.

इथवर सांगून मी वर्गाला विचारलं, तुम्ही धरणावर असता तर काय केलं असतं?

राधानगरीकडचा एक मुलगा लगेच म्हणाला, “सोपं आहे की सर. पाणी जास्त सोडायचं.” अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. मीही त्यांच्या वयात हेच म्हणालो असतो. कमी पाण्यामुळे अंडी मरतात, तर जास्त पाणी द्या. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण सर, पाणी वाढवलं तर मासा अजून वर चढून घरटं करंल न्हवं? मग तेवढं पाणी ठेवायचं कुठवर?”

याच प्रश्नासाठी मी दरवर्षी हे प्रकरण घेतो.

ऑक्टोबरात जेवढ्या उंचीवर घरटी बसली, तेवढ्या उंचीवर पाणी पुढच्या वसंतापर्यंत राखावं लागतं. शरदात दाखवलेलं पाणी म्हणजे पहिल्या दिवाळसणाला जावयाला घातलेली अंगठी. ऐपत नसताना घातली, तर पुढच्या प्रत्येक सणाला घरात भांडण. हिवाळ्यात कोलंबियाच्या वरच्या खोऱ्यात बर्फ गोठलेलं असतं, नदीत मुळात पाणी कमी येतं. वरची धरणं किती काळ भरपाई करणार? म्हणून तिकडे जो तोडगा निघाला तो आमच्या वर्गाच्या पहिल्या उत्तराच्या बरोबर उलटा होता. अंडी घालायच्या हंगामात दिवसाचं पाणी मुद्दाम कमी ठेवायचं आणि उरलेलं रात्री सोडायचं. दिवसा पाणी खाली असलं की मादीला पट्टीचा वरचा भाग मिळतच नाही. ती खालच्या भागात घरटं करते. रात्री पाणी कितीही चढो, अंधारात ती फारसं खणत नाही. विजेची गणितं करणाऱ्यांना हा ठेका उफराटा वाटला असणार, कारण दिवसाची मागणी मग दुसऱ्या धरणांकडून भागवावी लागते. पण नदीवर धरणांची माळ असण्याचा इथे पहिल्यांदा फायदा झाला. एकाने कमी केलं तर दुसऱ्याने उचलायचं.

१९८८ मध्ये याचा करार झाला. एका बाजूला धरणं चालवणाऱ्या वीज संस्था, दुसऱ्या बाजूला मत्स्य खाती. हंगामात पाणी कमी करून माणसं पट्टीवर चालत जातात आणि घरटी मोजतात. नुकत्याच उलथलेल्या गोट्यांवर शेवाळ नसतं, त्यामुळे घरटं तळावर फिक्कट डागासारखं उठून दिसतं. सर्वात वरची घरटी कोणत्या पातळीला बसली ते ठरलं, की पुढे हिवाळाभर पाणी त्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही. या हमीलाही वरची मर्यादा आहे. साधारण ७० हजार क्युसेकच्या पातळीपर्यंतच्या घरट्यांची हमी, त्याच्या वर कोणी घरटं केलं तर ते त्याच्या नशिबावर.

७० हजार क्युसेक म्हणजे किती, हे आपल्या मापात सांगतो. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. ७० हजार म्हणजे असे एकोणपन्नास दरवाजे. राधानगरीला आहेत सात. ते सातही उघडले म्हणून आपण बातम्या बघत बसतो, त्याच्या सातपटीपर्यंत जाऊ शकते तिकडची हिवाळ्यातली ‘कमीत कमी’ पातळी.

पाणी किती दिवस राखायचं, हे तिथे तारखेवर ठरत नाही, उष्णतेच्या बेरजेवर ठरतं. रोजचं पाण्याचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये घ्यायचं आणि बेरीज करत जायची. चिनूकचं अंडं साधारण ५०० अंशदिवसांना फुटतं, पिलू गोट्यांतून वर येतं ते १,००० च्या आसपास. नोव्हेंबरात दहा अंशांचं पाणी भराभर बेरीज वाढवतं, जानेवारीत तीन-चार अंशांवर ती मुंगीच्या पावलाने सरकते, आणि शेवटची पिलं वर येईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. बेरीज ५०० च्या जवळ आली की राखणाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालायचं. एखादा हिवाळा उबदार गेला तर तारखा पुढे-मागे होतात, पण बेरीज चुकत नाही.

आता पात्राच्या आकाराकडे येतो. कारण वर्गात इथपर्यंत सगळ्यांना वाटतं की प्रकरण पाण्याचं आहे.

मेअखेरीस आम्ही भोगावतीवरच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडे गेलो होतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, या बंधाऱ्याला दरवाजे नसतात. दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत आडवे बरगे. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन ओळी आणि मध्ये मातीचा भराव, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे. पाऊस ओसरला की बरगे घालतात, पावसाआधी काढतात, आणि पावसाळाभर नदी खांबांमधून मोकळी जाते. त्या संध्याकाळी बरगे काढायला सुरुवात झाली होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एका वळणावर आम्ही पाण्याच्या कडेला दोन खुंट ठोकले. एक वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे काठ कापून उभा झालाय. दुसरा आतल्या अंगाला, जिथे वाळू-गोट्यांची सपाट पट्टी पसरली आहे.

सकाळी पाणी कंबरभर उतरलेलं. दोन्ही खुंटांजवळ पाण्याची पातळी सारखीच खाली गेलेली, तीन फूट. बाहेरच्या खुंटापासून पाणी दीड पावलावर होतं. आतल्या खुंटापासून मी पावलं मोजत निघालो, छत्तीस झाली.

पोरांना गणित तिथेच सांगितलं, वहीत लिहायला लावलं नाही. काठाचा उतार एकास एक असेल तर फूटभर पाणी उतरल्यावर फूटभर तळ उघडा पडतो. एकास तीस असेल तर तीस फूट. आणि गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, मासा अंडी घालतो ती जागा बहुतेकदा एकास तीसवालीच असते. उभ्या काठावर गोटा टिकत नाही. गोटे साचतात ते सपाट पट्टीवर, उथळ्यावर, वळणाच्या पोटात. म्हणजे पाण्याच्या चढ-उताराचा मार सर्वात जास्त बसणारी जागा आणि अंड्यांची जागा एकच. अरुंद पात्रात विसर्ग थोडा बदलला तरी पातळी जास्त हलते, रुंद पात्रात कमी हलते पण कमी हलूनही जास्त तळ उघडा करते. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे धरणाच्या लगेच खाली आवळलेलं पात्र आणि त्याच्या एका कडेला सपाट पट्टी. तिथे पातळीही जास्त हलते आणि तळही जास्त उघडतो. ७० हजार क्युसेकचा आकडा म्हणून कोलंबियाच्या दुसऱ्या एखाद्या पट्टीला जसाच्या तसा लावता येत नाही. आकडा नदीचा नसतो, त्या पट्टीचा असतो.

आमच्यासोबत गावातले एक भोई आण्णा होते, साठीच्या पुढचे. मी पावलं मोजत होतो तेव्हा ते पट्टीवरच्या एका खळग्यापाशी बसले होते. परातीएवढा खळगा, त्यात बोटभर पाणी, आणि त्या पाण्यात मळ्याची दहा-बारा पिलं गोट्याला चिकटून. नदी तिथून वीस पावलांवर गेलेली. “मास्तर, तुमी कडंचं पाणी बघा,” ते म्हणाले, “ही हितं ऱ्हायलेली कोण बगत न्हाई. उनं चढली की कावळं येत्यात.” आणि ओंजळीने एकेक उचलून नदीकडे चालायला लागले. दोन मुली त्यांच्या मागे गेल्या.

व्हर्निटा बारच्या करारातही हीच फट राहिली होती. १९८८ च्या कराराने घरटी सांभाळली, पण पिलू गोट्यांतून वर आल्यावरचं काय? इवलीशी पिलं काठालगतच्या उथळ, संथ पाण्यात चरतात. दिवसात चार वेळा पाणी वर-खाली झालं की ती खळग्यांत अडकतात, खळगा आटतो किंवा तापतो. घरट्यातून वाचवलेलं पिलू पट्टीवर मरत होतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या अडकणाऱ्या पिलांच्या मोजण्या सुरू झाल्या, आणि २००४ मध्ये नवा करार झाला. त्यात वसंतात दिवसभरात विसर्ग किती वर-खाली करायचा यालाही बंधन आलं. सोळा वर्षं लागली. मला हे प्रकरण आवडतं ते यासाठीही, की पहिलं उत्तर बरोबर असूनही अर्धंच निघालं.

आज हॅनफर्ड रीच हे कोलंबियाच्या मुख्य पात्रात चिनूकच्या नैसर्गिक पैदाशीचं सर्वात मोठं ठिकाण मानलं जातं. त्याचं सगळं श्रेय कराराला देणं मला पटत नाही. समुद्रातली सुबत्ता, मासेमारीवरची बंधनं, मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेला मासा, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. शिवाय चिनूक फक्त या पट्टीवर घरटी करत नाही, रीचमध्ये खोल पाण्यातही करतो, जिथे चढ-उताराचा त्रास पोचत नाही. पण पट्टीवर कोरडी पडलेली घरटी मोजता येतात, आणि ती कमी झाली. एवढं म्हणायला मी तयार आहे.

मग वर्गात जो प्रश्न शेवटी येतोच, तो आला. याचा आपल्या नदीशी काय संबंध?

सॅल्मनच्या जागी आपल्याकडे धरायचा तर खडस धरावा, म्हणजे दख्खनचा महसीर. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याकडच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली आणि ‘खुड्री’ हे देशी नाव थेट शास्त्रीय नावात घातलं. वर सांगितलेला मळ्याही त्यांनीच त्याच वर्षी नोंदवला. खडस पावसाळ्यात, नदी चढती असताना, वरच्या अंगाच्या स्वच्छ, गोटाळ पाण्याकडे जातो. तो सॅल्मनसारखी खोल घरटी पुरून जात नाही. जड, पिवळसर अंडी गोट्यांवर पडतात आणि फटींत उतरतात. पंचवीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात ती तीन-चार दिवसांत फुटतात. चिनूकची ५०० ची बेरीज इथे शंभराच्या आतच पुरी होते. म्हणून कोलंबियाचा सगळा हिवाळाभर पाणी राखायचा खटाटोप आपल्याला लागूच होत नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात आपणहून दिवसाला कितीतरी फूट चढतात-उतरतात, आणि खडस हजारो वर्षं त्यातच वाढला. त्याने घाई करून धोका टाळला. सॅल्मनने खोल पुरून टाळला.

बंधाऱ्यांचंही तसंच. खडस अंडी घालतो त्या महिन्यांत बरगे काढलेले असतात. दाराविना बंधारा ही मला कोल्हापूरची हुशारीच वाटते, आणि माशाच्या बाजूने बघितलं तरी वाटते. चढणीचा मासा खांबांमधून वर जाऊ शकतो, निदान पाणी भरपूर असेल तेव्हा. पहिल्या पावसात त्याच खांबांच्या खाली उभं राहून गाबोळीने भरलेला मासा माणसं पकडतात, ती गोष्ट वेगळी. त्याला ना विसर्ग जबाबदार ना पात्र.

जे लागू होतं ते दोन ठिकाणी. पहिलं, बरगे काढण्याचे आणि घालण्याचे दिवस. मे महिन्यात फुगवटा एका रात्रीत उतरवला की पट्टीवरच्या खळग्यांत पिलं राहतात, ते आम्ही पाहिलं. ऑक्टोबरात बरगे एका दमात घातले की खालच्या अंगाचं पाणी तसंच तुटतं. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्याचंही असंच आहे. तलावाची पातळी खाली आली की दरवाजा आपोआप मिटतो, आणि १,४२८ क्युसेकची पायरी एकदम खाली येते. कोल्हापूरपर्यंत ती बोथट होते, पण धरणाखालच्या पहिल्या काही उथळ्यांना ती पुरती जाणवत असणार. दुसरं, गाळ. बरगे घातलेल्या आठ महिन्यांत खळाळाचा डोह होतो, पाणी थांबतं, आणि उसाच्या रानातून आलेली माती गोट्यांवर बसते. जूनचा पहिला लोंढा ती धुऊन नेतो, पण फटींच्या आत शिरलेली कितपत निघते? टाकीतल्या त्या जांभळ्या धाग्याची आठवण मला तिथे आली. आणि वाळूउपशाने जिथे पट्टीच खरवडून नेली आहे, तिथे डोह, उंबरठा, खळाळ हा चढ-उतारच शिल्लक नाही. तळ सगळा एकसारखा. पाणी स्वच्छ असलं तरी गोट्यांत ढकलायला उंचवटा नको का?

बरगे टप्प्याटप्प्याने काढले तर किती फरक पडेल, हे बघायची वर्गाची इच्छा आहे. चार बरगे एका दिवशी, चार दुसऱ्या दिवशी, आणि प्रत्येक सकाळी खळग्यांतली पिलं मोजायची. बंधाऱ्यावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, पाऊस आधी आला तर सगळे एकदम काढावे लागतात, नाहीतर बरगेच वाहून जातात. त्याचंही खरं आहे. म्हणून आधी ऑक्टोबरात, बरगे घालायच्या वेळी, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खुंटांची एक ओळ ठोकायची ठरली आहे, दर पाच पावलांवर एक, पट्टीवर आडवी. आण्णांनी आत्ताच बजावून ठेवलंय, “खुंट बाभळीचं आणा. निलगिरीचं ठोकलासा तर पुढच्या पावसाला एक सापडायचा न्हाई.”